स्वयंसेवी युवा संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संघटनेत नाव घालू पाहणारी मुलं, त्यांचे पालक आणि आठवड्यातले काही तास काढून मुलांबरोबर काम करणारे कार्यकर्ते, या तिघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नोंदणी, कर आणि बालसंरक्षणाचे कायदे देशागणिक वेगळे असतात. ते आपापल्या ठिकाणचे पाहून घ्यावेत.

स्वयंसेवी युवा संघटना कशाला म्हणायचं?

जिथे मुलं आपल्या मर्जीने येतात, मर्जीने सोडू शकतात आणि काम चालवणारी बहुतेक मोठी माणसं पगार घेत नाहीत, अशा संस्थेला. स्काउट-गाइड, रेड क्रॉसची युवा पथकं, वायएमसीए, शेतीतून सुरू झालेली फोर-एच मंडळं, वस्तीतली छोटी युवक मंडळं, विद्यार्थ्यांनीच चालवलेले पर्यावरण गट, सगळे यात येतात.

शाळेहून फरक असा की इथे हजेरीची सक्ती नाही, गुण नाहीत, कोणी नापास होत नाही. मूल दर आठवड्याला येतं ते त्याला यावंसं वाटतं म्हणून. कार्यक्रम आखताना हे विसरलं की संघटना शाळेचा जादा तास होऊन बसते आणि दोन-तीन महिन्यांत मुलं येईनाशी होतात.

वयाची मर्यादा काय असते?

संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ वयाच्या व्यक्तींना तरुण धरतो. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय मानते. संघटना सोयीनुसार याच्या अलीकडे-पलीकडे जातात. महत्त्वाचं हे की एका गटात तीन-चार वर्षांपेक्षा जास्त अंतर नसावं. अकरा वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच गटात असले की लहान मूल मागे राहतं आणि मोठा कंटाळतो.

ही कल्पना आली कुठून?

१८४४ मध्ये लंडनमध्ये कापडाच्या पेढीत काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने सहकाऱ्यांना घेऊन वायएमसीए सुरू केली. शहरात नोकरीसाठी आलेल्या, एकट्या पडलेल्या तरुणांना कामाच्या वेळेबाहेर बसायला जागा आणि सोबत हवी होती. १८८३ मध्ये विल्यम स्मिथ यांनी ग्लासगोत बॉइज ब्रिगेड उभी केली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुलंही होती आणि बॉइज ब्रिगेडमधून आलेली सामान्य घरांतली मुलंही. त्यांचे चार गट केले आणि प्रत्येक गट एका मुलाच्या हाती दिला. पुढे १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्याला मुली न बोलावता आल्या आणि आम्हालाही हे हवं म्हणाल्या. १९१० मध्ये गाइड चळवळ सुरू झाली.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीतली नवी तंत्रं मोठे शेतकरी सहजी स्वीकारत नव्हते, पण मुलं करून बघायला तयार होती. त्यातून मक्याची आणि टोमॅटोची मंडळं निघाली आणि पुढे फोर-एच उभी राहिली. १९५६ मध्ये जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या कल्पनांवर आधारलेला, तरुणांसाठीचा ड्यूक ऑफ एडिनबर्ग पुरस्कार ब्रिटनमध्ये सुरू झाला.

यातल्या अनेक संघटनांच्या जुन्या रूपात आज न पटणारं बरंच आहे: लष्करी कवायत, मुलगे-मुलींची ताटातूट, साम्राज्याचा अभिमान. ते गळत गेलं. टिकलं ते दोन गोष्टींमुळे: छोटा गट आणि त्या गटाच्या हाती दिलेलं खरं काम.

'विकास होतो' म्हणतात, म्हणजे नक्की काय बदलतं?

या क्षेत्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लर्नर यांची मांडणी बरीच वापरली जाते. ते पाच गोष्टी पाहतात: काम जमणं, स्वतःवर विश्वास, माणसांशी चांगली नाती, बरं-वाईट ओळखून वागणं आणि दुसऱ्याबद्दल आस्था. हे पाचही वाढले की मूल भोवतालच्या लोकांना काही देऊ लागतं, हे सहावं. हे घडायला त्यांनी तीन अटी सांगितल्या आहेत: घरच्यांखेरीज एखाद्या मोठ्या माणसाशी बराच काळ टिकणारं नातं, उपयोगी पडेल असं कौशल्य शिकायची संधी, आणि ते कौशल्य वापरून काहीतरी चालवायची संधी.

पहिल्या दोन अटी बऱ्याच संस्था पाळतात. दादा-ताई प्रेमळ असतात, गाठी मारायला, प्रथमोपचार करायला, सभेत बोलायला शिकवतात. तिसरीकडे पोचेपर्यंत मात्र मोठ्यांचा धीर सुटतो. शिबिर मोठेच आखतात, पैसे मोठेच हाताळतात, मुलं आखलेल्या कार्यक्रमात भाग घेतात. अशी संघटना छान वेळ घालवायला ठीक आहे, पण चार वर्षं तिथे काढलेल्या मुलाला स्वतःहून एखादी बैठकही बोलावता येत नाही.

मुलांवर जबाबदारी सोपवायची म्हणजे कशी?

आधी त्यांच्या हातात निर्णय द्यायचा, मग काम. समजा दोन दिवसांचं शिबिर आहे आणि रात्रीचं जेवण आठ जणांच्या एका गटाकडे आहे. 'तुम्ही भाज्या चिरा' म्हणणं ही मदत घेणं झालं. काय शिजवायचं, किती माणसांसाठी, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, दिलेल्या रकमेत कसं बसवायचं, इंधन किती लागेल, पाणी कोण आणणार, भांडी कोण घासणार, हे गटाने ठरवलं तर ती जबाबदारी.

कार्यकर्त्याने तीनच गोष्टी आधी सांगाव्यात: रक्कम, जेवणाची वेळ आणि ज्यात तडजोड नाही असे नियम. आगीजवळ सैल कपडे नाहीत, पेटत्या स्टोव्हमध्ये इंधन ओतायचं नाही, ॲलर्जीची यादी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची. मग गट सामानाची यादी लिहितो आणि खरेदीला निघण्यापूर्वी एकदा दाखवतो. या टप्प्यावर बहुतेक वेळा दोन चुका दिसतात. मीठ, काडेपेटी, भांड्यांचा साबण असं काहीतरी राहिलेलं असतं. आणि स्वयंपाकाला लागणारा वेळ निम्माच धरलेला असतो. 'मीठ राहिलं' असं सांगू नका. 'पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात स्वयंपाक करा आणि यादी पुन्हा वाचा' असं सांगा. राहिलेलं त्यांचं त्यांना सापडतं. वेळेची चूक तशीच होऊ द्या. जेवण तासभर उशिरा झालं तर मुलं कुरकुर करतील, पण कोणाला इजा होणार नाही, आणि पुढच्या शिबिरात तोच गट चूल लवकर पेटवेल.

मध्ये कधी पडायचं याचा निकष सोपा आहे. चुकीने कोणाला इजा होणार असेल, कोणाचा अपमान होणार असेल किंवा भरून न निघणारं नुकसान होणार असेल तर लगेच थांबवा. नाहीतर हात मागे बांधून उभं राहा. बहुतेक कार्यकर्त्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच.

सोपवणं एका दिवसात होत नाही. आधी मूल दुसऱ्याला करताना बघतं, मग बरोबरीने करतं, मग स्वतः करतं आणि मोठं माणूस जवळ असतं, शेवटी स्वतः करतं आणि नंतर सांगतं. दर पायरीवर तीन-चार वेळा करायला मिळालं पाहिजे. पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर ढकललेलं मूल एकदा तोंडघशी पडतं आणि पुन्हा पुढे येत नाही.

आमच्या कार्यकारिणीत दोन तरुण प्रतिनिधी आहेत. तेवढं पुरे ना?

ते बैठकीत काय करतात यावर आहे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही: मुलांचा आपल्या कामासाठी वापर करून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं प्रतिनिधी म्हणून बसवणं. सगळ्यात वरच्या पायरीवर मुलं एकटी नाहीत. तिथे कल्पना मुलांची असते आणि निर्णय मोठ्यांबरोबर मिळून होतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण 'मुलांवर सोडलं' असं म्हणून अंग काढून घेणारेही पुष्कळ असतात.

नावापुरतं प्रतिनिधित्व ओळखायची खूण अशी: विषयपत्रिका प्रतिनिधींना बैठकीच्या दिवशी मिळते, चर्चा अशा शब्दांत होते की त्यांना अर्धं कळत नाही, आणि शेवटी कोणीतरी विचारतं, 'तुम्हाला काही म्हणायचंय का?' उपाय: कागदपत्रं आठवडाभर आधी द्या. एक नको, किमान दोन प्रतिनिधी ठेवा, म्हणजे एकमेकांचा आधार राहतो. त्यांना आपल्या सदस्यांकडून निवडून येऊ द्या. प्रत्येक बैठकीत एक विषय त्यांनी मांडावा. बैठकीची वेळ परीक्षा आणि शेवटची बस पाहून ठरवा. कायद्याने सज्ञान नसल्यामुळे त्यांना विश्वस्त होता येत नसेल, तर संघटनेच्या घटनेतच लिहा की अमुक विषयांवर युवा समितीचं मत नोंदवल्याशिवाय निर्णय होणार नाही.

एका गटात किती मुलं असावीत?

सहा ते आठ. पाचपेक्षा कमी असली तर दोघं गैरहजर राहताच गट मोडतो. दहाच्या वर गेली की गटात दोन गट पडतात आणि अबोल मुलं मागे दिसेनाशी होतात. मोठ्या शाखेत चाळीस मुलं असली तरी पाच-सहा गट करावेत. गटप्रमुखाची मुदत सहा महिने ते एक वर्ष ठेवावी. एकच हुशार मुलगा तीन वर्षं प्रमुख राहिला तर त्याचा विकास होतो, बाकीच्यांचा थांबतो.

आठवड्याची बैठक कशी आखावी?

दीड तास पुरतो. एक सर्वसाधारण आखणी अशी:

- पहिली १० मिनिटं: येणाऱ्यांना लगेच करायला काहीतरी. रिकामं उभं राहायला लावू नये.
- १० मिनिटं: धावपळीचा खेळ.
- ३५ ते ४० मिनिटं: मुख्य काम, छोट्या गटांत.
- १५ मिनिटं: गटाची स्वतःची बैठक. पुढे काय करायचं, कोण काय आणणार. इथे मोठ्यांनी बोलायचं नाही.
- १० मिनिटं: झालेल्या कामाची उजळणी.
- शेवटची ५ मिनिटं: आवराआवर, पुढच्या वेळेची सूचना.

बिघडतं ते सहसा दोन ठिकाणी. सूचना आणि भाषणं वाढत जातात आणि मुख्य काम वीस मिनिटांवर येतं. आणि उशीर झाला की सगळ्यात आधी उजळणीवर कात्री चालते, जी चालवू नये.

उजळणीला एवढं महत्त्व का?

कारण अनुभवातून आपोआप शिकायला होत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रात चार भाग आहेत: अनुभव घेणं, त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून काहीतरी निष्कर्ष काढणं आणि तो पुढच्या वेळी वापरून बघणं. कार्यक्रमांच्या गर्दीत पहिला भाग होतो आणि पुढचे तीन राहून जातात.

तीन प्रश्न पुरतात: काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी आपण काय वेगळं करू? क्रम बदलू नका. 'काय शिकलात?' असं सुरुवातीलाच विचारलं की मुलं तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात: 'एकी शिकलो.' त्याऐवजी 'तंबू दुसऱ्यांदा का पडला?' असं विचारा. कोणीतरी सांगतं की मेखा ओल्या मातीत ठोकल्या होत्या. दुसरा म्हणतो की मी ते बघितलं होतं पण बोललो नाही. मग खरा प्रश्न समोर येतो: का बोलला नाहीस? गटात कोणाचं ऐकलं जातं आणि कोणाचं नाही, ही चर्चा तंबूच्या निमित्ताने होते तेव्हा ती मनाला लागते. भाषणातून होत नाही.

सगळ्यांनी बोललंच पाहिजे असा आग्रह नको. काही मुलं कागदावर लिहून देतात, तेही चालतं.

अभ्यासावर परिणाम होईल का?

आठवड्याला दोन-तीन तास आणि वर्षातून दोन शिबिरं एवढ्याने अभ्यास मागे पडत नाही. वेळ आखणं, दिलेला शब्द पाळणं, चारचौघांत बोलणं याचा अभ्यासाला उपयोगच होतो, पण 'गुण वाढतील' असं आश्वासन कोणत्याही संघटनेने देऊ नये. अडचण येते ती परीक्षेच्या महिन्यात मोठा कार्यक्रम ठेवल्यामुळे, किंवा भरवशाच्या एकाच मुलावर सगळी कामं टाकल्यामुळे. वर्षाचं वेळापत्रक शाळा-कॉलेजांच्या परीक्षा पाहून आखावं. परीक्षेसाठी सहा आठवडे न आलेल्या मुलाला परत आल्यावर जागा तशीच मिळाली पाहिजे. टोमणे मारले की ते पुन्हा येत नाही.

संघटना सुरक्षित आहे हे पालकांनी कसं ओळखावं?

नाव मोठं आहे, गणवेश नीटनेटका आहे, यावर विसंबू नका. जाऊन एक बैठक पाहा. बघू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. मग हे विचारा:

बालसंरक्षणाचं लेखी धोरण आहे का आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव भिंतीवर लावलं आहे का? नव्या कार्यकर्त्याला घेण्यापूर्वी ओळख पटवणं, दोन ठिकाणी चौकशी, जिथे सोय असेल तिथे पोलीस पडताळणी आणि सुरुवातीचे काही महिने देखरेखीखाली काम, हे होतं का? कोणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहत नाही ना? शिबिरात मुलांची आणि मोठ्यांची झोपायची, आंघोळीची व्यवस्था वेगळी असते का? मुलांशी फोनवर बोलणं गटातच होतं की खासगी संदेश चालतात?

मोठ्यांच्या संख्येबद्दल ब्रिटनमधल्या एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेची शिफारस उपयोगी पडते: ९ ते १२ वयाच्या ८ मुलांमागे एक आणि १३ ते १८ वयाच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस, आणि गट कितीही लहान असला तरी किमान दोघं. पाण्यात किंवा डोंगरावर जायचं असेल तर याहून जास्त लागतात आणि त्यातल्या एकाला त्या कामाचं प्रशिक्षण हवं.

'आपली सगळी घरचीच माणसं आहेत' हे उत्तर ऐकलं तर सावध व्हा. नियम अनोळखी माणसासाठी असतात तितकेच ओळखीच्यासाठीही असतात, आणि मुलांना त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीचीच निघते.

मुलाने एखाद्या कार्यकर्त्याला त्रासाबद्दल सांगितलं तर त्याने काय करावं?

शांतपणे ऐकावं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये. 'तुला मदत करू शकतील अशांनाच सांगेन' असं म्हणावं. 'त्याने तुला मारलं का?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. 'मग काय झालं?' एवढं पुरे. सांगितल्याबद्दल त्याला शाबासकी द्यावी, त्याची चूक नाही हे स्पष्ट सांगावं. त्यानंतर लगेच, मुलाच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहून काढावं आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीकडे द्यावं. मूल तत्काळ धोक्यात असेल तर थेट पोलीस किंवा बालकांसाठीच्या मदतवाहिनीकडे.

स्वतः चौकशी करू नये, आरोप असलेल्या माणसाला विचारायला जाऊ नये. त्याने पुरावा नाहीसा होतो आणि मूल आणखी अडचणीत येतं. संघटनेचं नाव खराब होईल म्हणून प्रकरण आतच मिटवणं हा मुलावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं सोडून का जातात?

कारण कार्यक्रम त्यांच्याबरोबर मोठा होत नाही. दहाव्या वर्षी केलेला खेळ, तीच गाठ, तीच सहल चौदाव्या वर्षी पुन्हा करायला लावली की मूल निघून जातं, आणि ते रास्तच आहे. पायरी वाढलेली दिसली पाहिजे. ड्यूक ऑफ एडिनबर्ग पुरस्कारात ती नीट बांधली आहे: कांस्य पातळीच्या मोहिमेला दोन दिवस आणि एक रात्र, रौप्यला तीन दिवस आणि दोन रात्री, सुवर्णला चार दिवस आणि तीन रात्री. प्रत्येक वेळी गट स्वतः वाट आखतो, स्वतःचं सामान वाहतो, आणि मोठी माणसं दुरून लक्ष ठेवतात.

मुली जातात तेव्हा कारणं बरीचशी साधी असतात आणि कोणी विचारलेली नसतात. परतायला अंधार होतो. शौचालय नाही, किंवा त्याला कडी नाही. पाळीच्या दिवसांत शिबिरात काय करायचं हे कोणी सांगितलेलं नाही. महिला कार्यकर्ती एकही नाही. गटात नोंदी लिहिण्याचं काम नेहमी मुलींकडे आणि नकाशा मुलांकडे. यातलं काहीही दुरुस्त करायला मोठा खर्च येत नाही. सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला महिनाभरात एक फोन करून कारण विचारावं. समजावायला नव्हे, फक्त ऐकायला.

अपंगत्व असलेल्या मुलाला घेता येईल का?

घ्यावं. आधी मुलाला आणि पालकांना विचारा की काय जमतं, कशाला मदत लागते, कशाने त्रास होतो. मग कार्यक्रमाचा उद्देश धरून पद्धत बदला. चालण्याच्या मोहिमेचा उद्देश 'गटाने वाट आखून मुक्कामाला पोचणं' असेल तर चाकाच्या खुर्चीला जमेल अशी वाट सगळ्या गटासाठीच आखता येते. एका मुलाला 'वेळ मोजणारा' म्हणून कडेला बसवणं म्हणजे सामावून घेणं नव्हे. गोंगाटाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी एक शांत कोपरा आणि बैठकीचा क्रम फळ्यावर लिहिलेला असणं, एवढ्यानेही खूप फरक पडतो. त्याचा फायदा बाकीच्या मुलांनाही होतो.

कार्यकर्ते मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. काय करावं?

'कार्यकर्ते हवेत' असं सरसकट आवाहन केलं की कोणी येत नाही, कारण नेमकं काय मागताय ते कळत नाही. काम, तास आणि मुदत सांगा: 'महिन्यातून दोनदा, दोन तास, सहा महिने, सामानाची खोली सांभाळायची.' एका माणसाला समोरासमोर विचारा. पहिले तीन महिने दोन्ही बाजूंनी चाचणीचे ठेवा, म्हणजे न जमल्यास मनात न ठेवता थांबता येतं.

लोक थकतात ते मुलांमुळे नव्हे. थकवतात ते अर्ज, हिशेब, रात्रीचे संदेश आणि एका माणसावर साचलेली पाच कामं. प्रत्येक पदाला मुदत ठेवा आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा. पदरचे झालेले प्रवासखर्च मागितल्याशिवाय परत द्या. नाहीतर ज्यांना परवडतं तेच काम करू शकतात.

पैशांचा व्यवहार कसा असावा?

संघटनेच्या नावाचं बँक खातं, काढण्यासाठी दोन सह्या आणि त्या दोन व्यक्ती एकाच घरातल्या नसाव्यात. प्रत्येक खर्चाची पावती, रोख रक्कम मोजताना दोघं हजर, तीन महिन्यांनी जमाखर्च सदस्यांसमोर. तीन महिन्यांचा नियमित खर्च भागेल एवढी शिल्लक हाताशी ठेवावी. देणगी नेहमी उशिरा येते. वर्गणी ठेवली तर माफीची सोयही ठेवा, आणि ती अशी की मुलाला चारचौघांत मागावी लागू नये.

अंदाजपत्रकातला एक लहान भाग मुलांच्या समितीकडे पूर्णपणे द्या. रक्कम किती यापेक्षा ती कशावर खर्च करायची हे त्यांनी ठरवणं आणि नंतर हिशेब त्यांनीच मांडणं महत्त्वाचं. देणगीदार राजकीय पक्ष किंवा धार्मिक संस्था असेल तर बदल्यात मुलांना सभेला, मिरवणुकीला पाठवावं लागेल का हे आधीच लेखी स्पष्ट करा.

सेवाकार्याच्या नावाखाली मुलांना फुकट राबवलं जातंय असं वाटलं तर?

तीन गोष्टी पाहा. पगारी माणसाचं काम मुलांकडून करून घेतलं जातंय का? मुलांना नाही म्हणता येतं का? आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनी ते मागितलं होतं का? एखाद्या जागेची सफाई केली, छायाचित्रं काढली आणि आठवड्यात तिथे पुन्हा कचरा साचला, तर त्या सेवेतून कोणीच काही शिकलं नाही. तोच गट आधी चार जणांशी बोलून कचरा का साचतो हे विचारत असेल, कचरापेटी चुकीच्या जागी आहे हे शोधत असेल आणि संबंधित कार्यालयाला पत्र लिहीत असेल, तर ते शिक्षण आहे, आणि सेवाही.

प्रमाणपत्राचा नोकरीत किंवा प्रवेशात उपयोग होतो का?

'सहभाग घेतला' एवढंच लिहिलेल्या प्रमाणपत्राचा फारसा नाही. काय केलं ते नेमकं लिहिलेलं हवं: कोणत्या काळात, किती तास, कोणती जबाबदारी, किती जणांचा गट, काय पार पाडलं. मुलांना दर तीन महिन्यांनी स्वतःची नोंद लिहायला लावा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ती नोंद कामाला येते, कारण तिच्यात सांगण्यासारखा प्रसंग असतो.

आमच्या कामाचा परिणाम झाला हे कसं दाखवायचं?

हजेरी आणि कार्यक्रमांची संख्या लिहा, पण तिथे थांबू नका. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तेच सहा-सात प्रश्न विचारा, उदाहरणार्थ: 'अडचण आली तर इथल्या एखाद्या मोठ्या माणसाकडे जाशील का?' 'गेल्या महिन्यात इथे तू कोणता निर्णय घेतलास?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहणाऱ्या मुलांची संख्या हा सगळ्यात प्रामाणिक आकडा. नावं न लिहिता उत्तरं घ्या, निष्कर्ष मुलांना दाखवा. जी मुलं मुळात आत्मविश्वासू होती म्हणूनच आली, त्यांच्या यशाचं श्रेय संघटनेला देऊ नका.

नवी संघटना सुरू करायची आहे. पहिल्या सहा महिन्यांत काय करावं?

घटना, बोधचिन्ह आणि गणवेश यांच्या मागे आधी लागू नका. पहिला महिना वीसेक मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलण्यात घालवा: संध्याकाळी काय करता, कुठे जाता येत नाही, काय करावंसं वाटतं. त्या भागात आधीच चाललेली एखादी संघटना असेल तर तिची शाखा काढणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. प्रशिक्षण, विमा आणि बालसंरक्षणाची पद्धत तयार मिळते.

दुसऱ्या महिन्यात तीन मोठी माणसं पक्की करा. दोघांवर सुरू करू नका. एक आजारी पडला की बैठक रद्द होते, आणि सुरुवातीच्या काळात लागोपाठ दोन बैठका रद्द झाल्या तर मुलं पांगतात. बालसंरक्षणाचं धोरण, संमतीपत्र, आपत्कालीन संपर्क आणि औषधांची माहिती हे कागद पहिल्या बैठकीच्या आधी तयार हवेत. संमतीपत्रावर छायाचित्रांची परवानगी वेगळी विचारा.

तिसऱ्या महिन्यात आठ ते बारा मुलांवर सुरुवात करा, जास्त आली तरी थांबवून यादीत ठेवा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. चौथ्या महिन्यात मुलांनीच आखलेला एक दिवसाचा कार्यक्रम, पाचव्यात पहिली गटप्रमुख निवड, सहाव्यात एका रात्रीचा मुक्काम. मुक्कामाआधी धोक्यांची यादी पाच रकान्यांत लिहा: धोका काय, कोणाला, आत्ता काय काळजी घेतली आहे, आणखी काय हवं, ते कोण आणि केव्हा करणार. ही यादी मुलांबरोबर बसून करा. अंधारात कुठे ठेच लागते आणि विहिरीकडची वाट कुठे घसरडी आहे हे त्यांना तुमच्याआधी दिसतं. यादीची एक प्रत मुक्कामाला न येणाऱ्या तिसऱ्या कार्यकर्त्याकडे ठेवा, पालकांच्या फोन क्रमांकांसह, आणि रात्री नऊला व सकाळी सातला त्याला फोन करायचं आधीच ठरवून घ्या.